भोंग्यानंतर

त्या सोमवारी सहाचा भोंगा वाजलाच नाही. ओरा स्वयंपाकघरात बटाटे सोलत उभी होती, सूर्य समोरच्या धान्याच्या कोठाराआड टेकला होता, आणि तिचे खांदे रोजच्यासारखे आपोआप वर चढून कानांशी आले होते. भोंगा झाला की ते खाली यायचे. तो झालाच नाही, त्यामुळे खाली यायचं त्यांना सुचेना. एरवी वेल्डन फोर्क गावात सहाचा भोंगा कुणाला ऐकू येत नसे, म्हणजे रोज कानांवर पडून पडून तो सगळ्यांच्या अंगवळणी पडला होता. भोंगा झाला की पोरं घराकडे पळायची, दुकानं बंद व्हायची, बाया टेबलावर ताटं मांडायच्या, आणि विचारलं असतं तर आपण आत्ता काही ऐकलं असं कुणाला सांगता आलं नसतं. त्यामुळे त्या संध्याकाळी गावाचं काहीतरी बिनसलं, पण काय ते कळेना. वॉरेन दुकानातून उशिरा आला. लॉटी, त्यांची दुसरीतली मुलगी, अंधार पडला तरी अंगणातच होती आणि आत आली तेव्हा तिच्या नाकाचा शेंडा थंडीने लाल झाला होता. जेवायला बसल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आज दिवस उगाच लांबल्यासारखा वाटतोय, नाही का गं?" आणि ओरा बोलून गेली, "भोंगा नाही झाला." बोलली मात्र, तिने चटकन वॉरेनकडे पाहिलं. वॉरेनने हातातला काटा खाली ठेवला. "अरेच्चा, खरंच की," तो म्हणाला. "तुझ्या बरं लक्षात आलं!" तो कौतुकानेच म्हणाला होता. ओराने मान खाली घालून बटाट्यावर लोणी फासलं, फासलेल्यावर पुन्हा फासलं.

भोंगा कशासाठी आहे हे गावात कुणी तोंडाने बोलत नसे. नवख्याने विचारलंच तर आगीच्या बंबाची चाचणी असते म्हणून सांगायचे. बोलायचं काम पुलापाशी लावलेली पाटी करायची. 'काळ्या, सूर्य मावळायच्या आत आमच्या गावातून चालता हो', असं तिच्यावर लिहिलेलं होतं, आणि दर वसंतात शाळेच्या कुंपणाला रंग दिला की उरलेल्या रंगात ती अक्षरं पुन्हा गिरवली जात. दिवसा काळा माणूस आला, काही पोचवून गेला, गटार उपसून गेला, तर कुणाची हरकत नव्हती. भोंगा झाल्यावर मात्र गावाच्या हद्दीत एकही काळा माणूस नाही, असं लोक अभिमानाने सांगायचे. स्वच्छ पाण्याबद्दल किंवा शाळेच्या बँडबद्दल सांगावं तसं. आणि ते खोटं होतं. एक होता. रोज भोंगा झाल्यावर हार्डवेअरवाल्या वॉरेन क्लाइनच्या घरात, गावातल्या नव्यात नव्या फ्रीजपाशी, मेम्फिसच्या बँक्स कुटुंबातली ओरेलिया, म्हणजेच ओरा, काळ्या आईबापाची काळी मुलगी, रात्रीच्या जेवणाला उरलेली असायची. ती दिसायला गोरी होती, इतकंच. घरातल्या पोरांत एकटीच तशी निपजली होती. चुलत्या गमतीने म्हणायच्या, हिच्यावर दूध सांडलंय. तेव्हा तिलाही हसू यायचं. पुढे आपण त्या सांडलेल्या दुधावर अख्खं घर उभं करणार आहोत, हे कुणाला माहीत होतं!

ठरवून असं तिने काहीच केलं नव्हतं. लढाई संपल्यावर सेंट लुईसला टोप्यांच्या दुकानात काम मागायला गेली, मालकिणीने तोंडाकडे पाहून तिला गल्ल्याशेजारी उभं केलं, आणि ओराने तिची चूक दुरुस्त केली नाही. तेवढंच. मग वॉरेन आला, आईसाठी टोपी घ्यायला, लष्करी कोटाचं बटण तुटलेला. त्याने विचारलं, तुमचे लोक कुठले? ती म्हणाली, कुणी नाहीत, मी अनाथ. खोटं बोलायला एवढं सोपं असतं हे तिला तोवर ठाऊक नव्हतं. मेम्फिस सोडून आल्यापासून ती आणि आई मार्केट रस्त्यामागच्या खोलीत राहायच्या; तिथे आईला सांगितलं तेव्हा आई इस्त्री करत होती. ती इस्त्री करतच राहिली. मग म्हणाली, "जा. पण एक कर, मूल झालं तर मला कळवू नकोस. गोरं झालं म्हणून कळवलंस तर मी काय करू, आणि काळं झालं म्हणून कळवलंस तर काय करू?" निघायच्या दिवशी आईने तिच्या हातात बुटाचा खोका दिला. आत मेणकागद, तळलेल्या कोंबडीचे तुकडे, उकडलेली अंडी, केकची जाड कापं, आणि मिठाची वेगळी पुडी, कागदाला पीळ देऊन बांधलेली. वरून सुतळी, तिला एक बोट जाईल एवढा फास. लांबच्या वाटेवर निघणाऱ्या आपल्या माणसाला असा खोका द्यायचाच. हॉटेलं काळ्यांना जेवायला घालत नाहीत, आगगाडीच्या खाण्याच्या डब्यात पडद्यामागे बसवतात, म्हणून घरूनच बांधून न्यायचं. ओराचं सगळं लहानपण अशा खोक्यांवर पोसलं होतं. गोऱ्या बायका खोका बांधत नाहीत; त्या टेबलाशी बसून सूप मागवतात. फलाटावर वॉरेन वाट पाहत होता. ओराने खोका एका बाकाखाली सरकवला, हातमोजे घातले आणि त्याच्याकडे चालत गेली. खोक्यावर आईने मारलेली गाठ तिने सोडूनसुद्धा पाहिली नाही.

वॉरेन वाईट माणूस नव्हता, हीच मोठी पंचाईत होती. वाईट असता तर त्याच्यावर राग धरून मोकळं होता आलं असतं. तो बायकोचे पाय गार पडले तर आपल्या हातात घेऊन चोळायचा. लॉटी होणार होती तेव्हा ओरा सुकून काटकी झाली होती; रात्र रात्र ती बाळाचा रंग मनात कालवत पडायची, आणि वॉरेन बिचारा पहिलटकरणीची भीती म्हणून तिला गाणी म्हणून दाखवायचा. बाळ गोरं झालं. डॉक्टरने उचलून दाखवलं तेव्हा ओरा रडली, सगळ्यांना वाटलं आनंदाने. आनंदानेच. त्या आनंदाची तिला आजतागायत शिसारी येत होती. दुसरं मूल तिने होऊ दिलं नाही. एकदा दैव पावलं, त्याची पुन्हा परीक्षा कोण घेणार? आणि असा हा चांगला माणूस एकदा जेवताना न्हाव्याच्या दुकानात ऐकलेली गंमत सांगू लागला: मागे एका काळ्याची गाडी पुलाअलीकडे पंक्चर झाली, भोंगा तर होऊन गेलेला, मग काय, टायर बदलायला अर्धं गाव मदतीला गेलं! सासूबाई हसल्या. वॉरेनही हसला. पुढे काय झालं ते कुणी सांगितलं नाही, आणि ओराने विचारलं नाही. ती पण हसली होती. हसताना आपला आवाज कसा निघतो हे तिला चांगलं माहीत होतं, कारण त्या घरात तो निघायच्या आधी ती तपासून घ्यायची.

भोंग्याची मोटर जळली होती. वॉरेन गावच्या मंडळावर होता, भोंगा त्याच्या अखत्यारीत. त्याने सेंट लुईसच्या एका कंपनीला फोन केला, आणि गुरुवारी सकाळी कंपनीचा ट्रक आला. चालवत होता डफी नावाचा गोरा मुकादम, आणि शेजारी कारागीर, क्लिओफस गेन्स, पन्नाशी उलटलेला, काळाभोर, चष्म्याची काडी तारेने बांधलेला. मोटर आधीच उतरवून क्लाइनांच्या मागच्या शेडमध्ये आणून ठेवली होती. गेन्स तिथे बसून जळलेली तार उलगडू लागला. थोड्या वेळाने डफी म्हणाला, बेअरिंग गेलंय, जिल्ह्याच्या गावाहून घेऊन येतो, आणि ट्रक घेऊन निघून गेला. ओरा खिडकीतून पाहत होती. काळा माणूस इतक्या जवळून तिने किती वर्षांत पाहिला नव्हता! त्याचं मान तिरकी करून तारेकडे पाहणं, कामाशी पुटपुटणं, रुमाल आधी झटकून मग कपाळ पुसणं, हे सगळं तिला पाठ होतं. आपण खिडकीशी फार वेळ उभ्या आहोत हे ध्यानात येऊन ती मागे सरली. आणि मग हसूच आलं तिला. ज्या भोंग्याने ह्या माणसाला हाकलायचं, तो दुरुस्त करायला ह्यालाच बोलावलंय, आणि ह्यात काही गमतीचं आहे असं अख्ख्या गावात एकालाही वाटत नाहीये.

दुपारी सासूबाई शेंगा मोडत म्हणाल्या, "त्या काळ्याला काहीतरी खायला द्यावं लागेल. त्या जुन्या पत्र्याच्या ताटलीत दे, म्हणजे मागाहून टाकून देता येईल. आणि सफरचंदं कधी आणणारेस? पुलापलीकडच्या मळ्यातली संपली की मग बसा बोंबलत." ओराने बिडाची कढई चुलीवर ठेवली. ती कढई जड, काळी, आतून आरशासारखी गुळगुळीत. नवी सून म्हणून आली तेव्हा सासूबाईंनी मोठ्या हौसेने तिच्या हवाली केली होती. "सांभाळून वापर हो. अशी आता मिळत नाही. मी लहान होते तेव्हा मागच्या गल्लीत काळे राहायचे ना, ते गेले, तेव्हा माझ्या आईने आणली." कुठे गेले, ओराने विचारलं होतं. "गेले. एका रात्रीत," सासूबाई म्हणाल्या होत्या. "लोकांनी सांगितलं जा, गेले. कढईत जेवण तसंच होतं म्हणे, आई सांगायची. चांगली घासून घेतली आम्ही." मागच्या गल्लीत आता नुसती मोकळी जागा होती, गवतात घरांच्या पायाचे दगड, आणि कुणी न लावलेलं, म्हणजे कुणीतरी लावलेलं, जांभळ्या फुलांचं लायलॅकचं झुडूप. लॉटी त्याची फुलं आणून टेबलावर ठेवायची. इतकी वर्षं रोज ओरा त्या कढईत रांधत होती. तिच्या बुडाशी कुणाचं तरी अर्धं राहिलेलं जेवण आहे आणि आपण त्याच्यावरच पुढचं शिजवतो आहोत, असं तिला वाटायचं, आणि तरी हातांना ती कढई इतकी ओळखीची लागायची की दुसऱ्या कशात स्वयंपाक जमायचा नाही.

तिसऱ्या प्रहरी वॉरेन आणि आणखी दोघं शेडमध्ये आले. गेन्सने जुनंच बेअरिंग घासून, तेल घालून चालतं केलं होतं, कारण डफीचा पत्ता नव्हता. त्यांनी मोटर उचलून गाडीवर चढवली. गेन्सने टोपी काढून विचारलं, "मिस्टर क्लाइन, साहेब, आमचा ट्रक अजून आला नाही. त्याचं काय करायचं?"

"येईल रे," त्याच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असलेला वॉरेन म्हणाला. "डफी कुठेतरी घसा ओला करत बसला असेल. तू इथेच थांब, कुठे फिरू नकोस."

"नाही साहेब, फिरत कुठे नाही. पण वेळेचं जरा..."

"आज तर भोंगा तुझाच आहे, क्लिओफस! मी स्वतः बटण दाबणारे. त्याच्या आत पूल गाठलास की झालं." आणि त्याच्या पाठीवर थाप मारून, खरोखर मायेने थाप मारून, वॉरेन गेला.

ओरा हे सगळं जाळीच्या दारामागून ऐकत होती. पूल पायी गाठायचा तर भर बाजारातून जावं लागतं, न्हाव्याच्या दुकानावरून, पेट्रोल पंपावर रेंगाळणाऱ्या पोरांवरून, आणि सूर्य आता कोठाराच्या छपराला लागू पाहत होता. आपण ह्याला गाडीतून सोडावं, हा विचार आला आणि लगेच आपटला. गोरी बाई काळ्या पुरुषाला शेजारी बसवून चाललीय हे कुणी पाहिलं तर त्याला धरायला गावाला भोंग्यापर्यंत थांबायचीसुद्धा गरज राहणार नाही. काळी बाई असती तर बसवता आलं असतं. पण काळी बाई इथे असूच शकत नाही. तिने हे पुन्हा पुन्हा उलटून पाहिलं, आणि दर वेळी ती त्याच भिंतीपाशी येऊन उभी राहिली. तोवर तिचे हात काहीतरी करत होते. सासूबाई पेंगत होत्या. कोंबडी तळून झाली होती, सकाळची अंडी उकडलेली होती, रविवारचा केक उरला होता. जरा वेळाने तिने खाली पाहिलं तेव्हा बांधाबांध झाली होती. तसंच दोन्ही हातांत धरून ती मागच्या पायऱ्या उतरली.

"वाटेत खायला होईल," ती म्हणाली.

"आभारी आहे, मॅडम," गेन्स म्हणाला आणि नजर वर न करता हात पुढे केला. मग त्याचा हात थबकला. त्याने फासात एक बोट घातलं, सवयीने, न पाहता, आणि वजन तोलून खोका उचलला. आणि मग त्याने जे अख्ख्या दिवसात केलं नव्हतं ते केलं, मान वर करून सरळ तिच्या तोंडाकडे पाहिलं. ओरानेही तेव्हाच पाहिलं की आपण काय दिलंय. लॉटीच्या नव्या बुटांचा खोका. मेणकागदाची कडा बाहेर आलेली. वर सुतळी.

शेडच्या पत्र्यावर एक पान घरंगळत होतं.

"मिठाची पुडी वेगळी असेल आत," गेन्स हळूच म्हणाला.

ओराने वळून घराच्या खिडकीकडे पाहिलं.

"माझी आई कागदाला असाच पीळ द्यायची." त्याने खोका पोटाशी धरला, जणू वारा लागेल त्याला. आणि मग तो अगदी वेगळ्या आवाजात, घरातल्या आवाजात म्हणाला, "कधीपासून इथे आहेस, ताई?"

ताई. आजवर तिला वाटायचं, हे कुणी ओळखलं तर त्या क्षणी मरण. आणि आता एकाने ओळखलं होतं, आणि मरणासारखं काही नव्हतं. उलट कुणीतरी पाठीवरचं ओझं क्षणभर हाताने उचलून धरावं तसं वाटलं. पण लगेच दुसरी भीती धावून आली: हा बोलला तर? ह्याला धरला, मारला, आणि ह्याने जीव वाचवायला सांगितलं तर, की मलाच काय हाकलता, तुमच्या घरात बघा? गेन्सने तिच्या चेहऱ्यावर ते वाचलं असावं. "माझ्या तोंडून जाणार नाही," तो म्हणाला. "मला तेवढं पुलाकडे जायचा आडरस्ता सांग. मग मी तुला पाहिलंच नाही."

"आडरस्ता नाही," ओरा म्हणाली. आपला आवाज न तपासता निघाला हे तिचं तिलाच ऐकू आलं. "मी सफरचंदं आणायला चाललेय. मागच्या सीटपुढे खाली आडवे व्हा."

गाडी शेडला लावून तिने सफरचंदांच्या रिकाम्या पेट्या आणि पोती आत टाकली. गेन्स गुडघे छातीशी घेऊन खाली निजला, खोका पोटाशी, वर पोती. एवढा थोराड माणूस एवढ्याशा जागेत कसा मावला, त्याला अशी सवय कशी होती, हे तिने विचारलं नाही. लहानपणी मेम्फिसहून सेंट लुईसला मावशीकडे जाताना वडील ह्याच रस्त्याने गाडी हाकायचे. पुलावरची पाटी दिसली की ते बोलायचे थांबायचे, आई मुलांना म्हणायची, खाली बसा रे, आणि ओरालाही खाली दाबायची. एकदा ओराने विचारलं, मला कशाला, मी तर दिसत नाही ना काळी? आईने फाडकन तोंडात मारली. ती चपराक तिला आत्ता गालावर लागली, गरम गरम. आणि बघा, त्याच गावात येऊन ती पडदे शिवत होती, चर्चच्या सहलीला बटाट्याची कोशिंबीर करत होती. दुसरीकडे कुठे जायला जागा नव्हती का? की मुद्दाम इथेच आली, कारण इथे कुणी आपलं माणूस भेटायची शक्यताच नव्हती?

पेट्रोल पंपापाशी पोलीस शिपाई ओटिसने हात दाखवला. तो वाकून खिडकीत कोपर टेकवून उभा राहिला. तोंडाला तंबाखूचा वास. "काय मिसेस क्लाइन, नवरा बटण दाबतोय आणि तुम्ही निघालात? भोंगा नाही ऐकायचा?"

"सासूबाईंना आजच्या आज सफरचंदं हवीत. न आणून मी कुठे जाऊ?" तिच्या तोंडून गावातल्या बायकांचा लाडिक, जरा कंटाळलेला सूर बरोबर निघाला.

"तो काळा गेला का तुमच्याकडचा?"

"मला काय ठाऊक? ट्रक आला असेल."

"नसला गेला तर आम्ही आहोतच," ओटिस हसला, आणि मागच्या पेट्यांवर नजर टाकत म्हणाला, "येताना माझ्यासाठी दोन लाल बघून आणा हं." त्याने टपावर थाप मारली. पोत्यांखालून श्वासाचासुद्धा आवाज आला नाही. ओराने गाडी हळू सोडली, एकदम सोडायची नाही एवढं तिला कळत होतं, आणि न्हाव्याचं दुकान, चर्च, शाळेचं रंगवलेलं कुंपण एकेक मागे सरकत गेलं. पाटीची मागची बाजू आली. मागून ती नुसतीच फळी होती.

पूल ओलांडला की हमरस्त्याचा फाटा, तिथे सेंट लुईसची बस थांबते. ओराने गाडी मक्याच्या कापलेल्या शेताशी उभी केली. गेन्स बाहेर आला, अंगाला पोत्याची तुसं, चष्मा वाकडा. चष्मा सरळ करून त्याने लांब पाहिलं. बस येत होती. उतारावर दिवे दिसत होते. "ताई," तो म्हणाला, "चल. माझी बायको आहे घरी, जागा आहे. असं जगून काय होणार?"

किती सोपं होतं! फाटकी पोती गाडीत, किल्ली सीटवर, आणि ती मागच्या बाकावर ह्या माणसाशेजारी. सेंट लुईस, मार्केट रस्ता, इस्त्रीचा वास. तिने खरंच एक पाऊल टाकलं. आणि लॉटी? लॉटीला बरोबर आणायचं म्हणजे तिला काय म्हणून आणायचं? आणि सोडायचं म्हणजे उद्या तिचं काय करतील, आई अशी निघाली हे कळल्यावर, त्या गल्लीत, त्या शाळेत? वॉरेन गार पाय चोळायचा, पण हे कळल्यावर तो कोण असेल हे तिला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात हे एवढंच तिला माहीत नव्हतं.

"लेक आहे मला," ती म्हणाली.

गेन्सने मान डोलावली. बस जवळ आली होती. "कुणी आहे का तिकडे तुझं? निरोप असेल तर दे."

"मार्केट रस्त्यामागे, ब्रुकबँक लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावर. लव्हेनिया बँक्स. असली तर." तिने खोक्याकडे बोट दाखवलं. "खाऊन झालं की खोका टाकू नका. सुतळीची गाठ सोडू नका, फास तसाच सरकवून काढता येतो. तिला ती गाठ दाखवा. ती ओळखेल."

"आणि काय सांगू?"

"सांगू काही नका. तिनेच सांगितलंय, कळवू नकोस म्हणून."

तेव्हा भोंगा झाला. पुलाच्या पलीकडून तिने तो कधी ऐकलाच नव्हता. खालून वर चढत गेला, तसाच ताणून राहिला, पाण्यावरून आला, शेतावरून गेला. गेन्सने टोपी डोक्यावर दाबली. "चांगला लागलाय," तो म्हणाला, स्वतःशीच, कारागिराच्या कानाने. आणि मग आपण काय बोललो हे कळून त्याने मान फिरवली. बसचं दार उघडलं, मिटलं. मागच्या काचेतून एक हात वर झाला, त्यात खोका.

ओरा तशीच उभी राहिली. आणि तिला आढळलं की तिचे खांदे खाली आले आहेत. सोमवारपासून कानांशी चढून बसलेले खांदे भोंगा झाल्याबरोबर गुमान उतरले होते, नेहमीसारखे, आता सुरक्षित आहोत असं सांगितल्यासारखे. तिला स्वतःच्या अंगाचा असा राग आला की तिने गाडीच्या दारावर मूठ आपटली. मग दिवे लावले, गाडी वळवली आणि पुलावर घातली. समोरून पाटी दिव्यांत उजळत आली, अक्षर न् अक्षर, ह्या वर्षी हिरव्या रंगात. भोंगा अजून पुरता थांबला नव्हता. काळं माणूस सूर्यास्ताला ह्या गावातून बाहेर पळतं. आपण आत चाललोय. हातपाय चालले तशी ती गाडी चालवत राहिली. सफरचंदं घ्यायची राहिली हे तिला घर दिसल्यावर आठवलं.

अंगणात पोरांचा गलका होता. चार दिवसांनी भोंगा झाला होता, म्हणून चार दिवसांनी खेळही सुरू झाला होता. शेजारची पोरं, लॉटी, सगळी धापा टाकत पायऱ्यांवर उभी. हा खेळ ह्या गावातला प्रत्येक जण लहानपणी खेळलेला, वॉरेनही, सासूबाईही. भोंगा संपताना जो अंगणात सापडेल तो काळा. त्याने पायरीखाली उभं राहून ठरलेले शब्द म्हणायचे, मग बाकीच्यांनी ठरवायचं, आत घ्यायचं की नाही. सासूबाई खिडकीत दिवा लावून बसल्या होत्या. वॉरेन नुकताच येऊन आत आरामखुर्चीत, खूश, एक बूट काढलेला. ओरा गाडीतून उतरून रिकाम्या हातांनी पायऱ्यांकडे निघाली.

"आई!" लॉटी आनंदाने किंचाळली. "आई हरली! आई बाहेर राहिली! आज आई काळी!"

पोरं हसू लागली. आतून वॉरेनही हसला. "सापडलीस की नाही!" तो ओरडला.

"लॉटी, बाजूला हो, मला आत येऊ दे."

"असं नाही!" लॉटीने दोन्ही हात पसरून दार अडवलं. तिचे गाल तापले होते, डोळे चमकत होते, इतकी गोड दिसत होती ती. "आधी म्हणायचं. नियम आहे. म्हण ना आई, मोठ्याने म्हण."

ओराने खिडकीकडे पाहिलं. सासूबाई हातातली शेंग थांबवून वाट पाहत होत्या, हसऱ्या चेहऱ्याने. सगळेच वाट पाहत होते. पायरीखालची जमीन गार होती आणि पश्चिमेला उजेडाची नुसती रेघ उरली होती.

"मी काळी," ओरा म्हणाली. तिचा आवाज स्वच्छ निघाला, शेजारपर्यंत गेला असेल. "मी बाहेर राहिले. मला आत घ्या."

कुणी थक्क झालं नाही. पोरांनी टाळ्या पिटल्या. लॉटीने न्यायाधीशासारखा चेहरा करून, हनुवटीला बोट लावून थोडा विचार केला.

"बरं, ये," ती म्हणाली. "पण उद्या वेळेवर यायचं हं."

ओरा आत गेली. लॉटीने मागून दार लावलं आणि उंच होऊन कडी घातली.